चौदा हजार आठशे येन : गेम कन्सोलच्या किमतींचा इतिहास

१५ जुलै १९८३ या एकाच दिवशी जपानच्या बाजारात, दूरचित्रवाणी संचाला जोडून घरबसल्या खेळावयाची दोन यंत्रे विक्रीस आली. एक होते क्योतो शहरातील निन्टेन्डो या पेढीचे, जी १८८९ सालापासून हानाफुदा नावाचे पत्ते तयार करीत आली होती आणि जिचे तत्कालीन अध्यक्ष हिरोशी यामाउची हे संस्थापकाचे पणतू होते. दुसरे होते सेगा या कंपनीचे. पहिल्याचे नाव फॅमिली कॉम्प्युटर, संक्षेपाने फॅमिकॉम, आणि किंमत १४,८०० येन; दुसऱ्याचे नाव एसजी-१००० आणि किंमत १५,००० येन. दोनशे येनांचे अंतर कोणत्याही गिऱ्हाइकाला नगण्यच वाटले असणार, आणि किंमत अशी समसमान असल्यावर निवड यंत्राच्या सामर्थ्यावरून व्हावी, हे स्वाभाविक होते. आगामी कन्सोल बाजारात येण्यापूर्वी त्यांच्या ताकदीचे आणि किमतीचे कोष्टक मांडून बसण्याची जी रीत आज जगभर रूढ आहे, तिची कसोटी पाहण्यास या दिवसाइतके चांगले उदाहरण मला दुसरे आढळत नाही.

कागदावरील आकडे सेगाच्या बाजूने होते. तिच्या यंत्रातील प्रोसेसर झेड-८० जातीचा असून त्याची गती ३.५८ मेगाहर्ट्झ होती, तर निन्टेन्डोचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झवर, म्हणजे निम्म्या गतीने, चालत असे. आणि एवढ्यावरून निवाडा करणाऱ्याने सेगाचे यंत्र दुप्पट बलवान ठरविले असते. वस्तुतः झेड-८० ला एकेक आज्ञा पार पाडण्यास अधिक स्पंदने लागत आणि निन्टेन्डोने पत्करलेल्या ६५०२ जातीच्या प्रोसेसरला कमी, त्यामुळे प्रत्यक्ष कामात हे अंतर फारसे उरत नसे. परंतु खरा भेद याहून खोल होता. पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम या यंत्रांत प्रोसेसरकडे नसून त्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र चिपकडे असते. सेगाने त्यासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, कोणाही कारखानदारास विकत मिळणारी तयार चिप वापरली होती, जिला एका आडव्या ओळीत चारपेक्षा अधिक हलत्या आकृती दाखविता येत नसत आणि मागचे दृश्य संथपणे सरकविण्याची सोय जिच्यात मुळातच नव्हती. निन्टेन्डोने मात्र ही चिप रिको कंपनीकडून स्वतःच्या गरजेप्रमाणे घडवून घेतली होती. एकूण चौसष्ट आकृती, ओळीला आठ, आणि पार्श्वभूमी हवी तशी सरकविण्याची शक्ती तिच्या रचनेतच होती. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात मारिओ धावत सुटला आणि त्याच्यामागे डोंगर, ढग, विटांच्या भिंती अखंड सरकू लागल्या, तेव्हा १९८३ च्या कोष्टकात ज्या गुणाला रकानाच नव्हता तो गुण साऱ्या जपानला दिसला.

हे यंत्र त्या किमतीत बसविण्याची जबाबदारी मासायुकी उएमुरा या अभियंत्यावर होती. यामाउची यांची अपेक्षा दुहेरी होती : यंत्र इतके सरस असावे की प्रतिस्पर्ध्यांना काही काळ तोड काढता येऊ नये, आणि इतके स्वस्त असावे की सामान्य कुटुंबाने ते मुलांसाठी घ्यावे. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध ओढणाऱ्या आहेत, आणि उएमुरा यांच्या कामाचा सारा रस या ओढाताणीत आहे. ६५०२ हा प्रोसेसर १९७५ मध्ये अमेरिकेत अवघ्या २५ डॉलरला विकावयास काढला गेला होता, ज्या काळी त्या तोडीच्या इतर प्रोसेसरांचे दर शंभर डॉलरच्या वर होते. जपानात झेड-८० चा प्रघात असल्यामुळे तो तिकडे बराचसा अपरिचित होता, पण त्याचा गाभा लहान असल्याने सिलिकॉनच्या त्याच चकतीवर ध्वनीची यंत्रणाही बसविता आली आणि एक निराळी चिप वाचली. मुख्य मेमरी दोन किलोबाइट इतकीच ठेवली गेली. खेळाडूच्या हातातील दोन्ही नियंत्रके यंत्राला कायमची तारेने जोडून टाकली. आणि सर्वांत निर्णायक गोष्ट, जी अभियांत्रिकीच्या नव्हे तर हिशेबाच्या दफ्तरातली आहे : रिकोने चिपांचा दर खाली आणावा म्हणून यामाउची यांनी ३० लाख नगांच्या मागणीची हमी दिली. तोवर असे एकही यंत्र बाजारात गेलेले नसताना दिलेली ही हमी म्हणजे एका जुन्या पेढीने आपली पत पणाला लावणे होते. १४,८०० हा आकडा अशा रीतीने आधी ठरला आणि यंत्र त्याच्या मापाने घडले.

परंतु यंत्र स्वस्त विकणाऱ्याला नफा कोठून मिळतो, हा प्रश्न उरतो; आणि या धंद्याच्या इतिहासाची किल्ली त्याच्या उत्तरात आहे. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ मध्ये आपले यंत्र १९९ डॉलरला काढले, ज्याची मेमरी केवळ १२८ बाइट होती, आणि यंत्र घेणारा पुढे वर्षानुवर्षे खेळांची कार्ट्रिजे घेत राहील, कमाई तेथे होईल, हे गणित तिने अचूक ओळखले. मात्र या उत्पन्नाच्या वाटेवर तिने नाके बसविले नाही. १९७९ मध्ये तिचेच चार प्रोग्रामर बाहेर पडले, त्यांनी ॲक्टिव्हिजन ही संस्था स्थापन केली आणि अटारीच्या यंत्रासाठी स्वतःचे खेळ विकण्यास प्रारंभ केला. त्यांचे खेळ उत्तम होते, पण त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने पुढे जे अनेक नवशिके घुसले त्यांचे खेळ तसे नव्हते, आणि निकृष्ट मालाच्या त्या पुरात १९८३ साली अमेरिकेतील हा सगळा व्यापार बुडाला. निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेत पाऊल ठेवले ते हा धडा समोर ठेवून. यंत्रात एक आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये एक अशा दोन चिप बसविल्या गेल्या, त्यांची परस्परांना ओळख पटल्याखेरीज खेळ चालत नसे. खेळ करणाऱ्या संस्थांना परवाना घ्यावा लागे, कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच आणि आगाऊ रक्कम भरून करवून घ्यावी लागत, आणि वर्षाला पाचपेक्षा अधिक खेळ काढण्यास मनाई असे. हा बंदोबस्त जाचक होता आणि त्यावर खटलेही झाले. पण त्याच्यामुळेच यंत्राची किंमत आणि यंत्राचा उत्पादनखर्च यांची फारकत करण्याचे स्वातंत्र्य कारखानदाराला मिळाले. त्या दिवसापासून कन्सोलची किंमत ही वस्तूची किंमत राहिली नाही. पुढील पाच-सहा वर्षांत महसूल कोठून वसूल होणार याविषयीच्या धोरणाचा तो जाहीरनामा झाला.

यानंतरच्या दशकात सामर्थ्य मोजण्याचे माप म्हणून ‘बिट’ हा शब्द पुढे आला. सेगाने १९८८ च्या मेगा ड्राइव्हच्या माथ्यावर ‘१६-बिट’ ही अक्षरे सोनेरी रंगात उठविली. अटारीने १९९३ मध्ये जॅग्वार हे यंत्र ६४ बिटांचे म्हणून जाहीर केले, आणि त्याला खप मिळाला नाही. याच काळात निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांनी मात्र उलट्या दिशेने विचार केला : जे तंत्र जुने, मुरलेले आणि म्हणून स्वस्त झाले आहे त्याचा नवा उपयोग शोधावा, हे त्यांचे सूत्र होते. त्या सूत्रातून १९८९ मध्ये गेम बॉय हे हातात धरावयाचे यंत्र निघाले, ज्याचा पडदा हिरवट आणि रंगहीन होता. अटारीचे लिंक्स आणि सेगाचे गेम गियर ही त्याची प्रतिस्पर्धी यंत्रे रंगीत पडद्याची, प्रकाशमान आणि सर्व मापांनी श्रेष्ठ होती, पण त्यांची किंमत अधिक होती आणि सहा-सहा सेल काही तासांत संपत. गेम बॉय आणि त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग विकले गेले. सामर्थ्याचा अभाव येथे चुकून राहिला नव्हता, तो योजलेला होता. आणि या साऱ्या इतिहासात मला सर्वाधिक आदर वाटतो तो योकोई यांच्या या योजकतेविषयी.

किंमत हे धोरण आहे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका अपयशाने दिला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांनी खेळ प्रसिद्ध करण्याच्या धंद्यात परवान्यांचा जाच स्वतः अनुभवला होता, आणि तो कमी करण्याच्या हेतूने त्यांनी थ्रीडीओ ही संस्था काढली. यंत्राचा आराखडा थ्रीडीओने करावा, पॅनासॉनिकसारख्या कारखानदारांनी मक्ता घेऊन तो बनवावा आणि विकावा, आणि खेळ काढणाऱ्यांकडून प्रत्येक डिस्कमागे केवळ तीन डॉलर स्वामित्वधन घ्यावे, अशी ही उदार योजना होती. परंतु त्या तीन डॉलरांत यंत्र बनविणाऱ्याचा वाटा नव्हता. त्याला आपला खर्च आणि नफा दोन्ही यंत्राच्या विक्रीतूनच काढावे लागणार होते. ऑक्टोबर १९९३ मध्ये ते यंत्र अमेरिकेत आले तेव्हा त्याची किंमत जवळजवळ ७०० डॉलर होती. यंत्र चांगले होते, त्यातील कल्पना न्याय्य होती, आणि किंमतही, खरे पाहता, प्रामाणिक होती, कारण ती उत्पादनखर्चाला धरून होती. पण ज्या बाजारात इतर सर्वजण खेळांच्या उत्पन्नातून यंत्राचा भार उचलीत होते, तेथे या प्रामाणिक किमतीला गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि तीन वर्षांत हा व्यवहार आटोपला.

आता १९९५ चा मे महिना, आणि लॉस एंजेलिस येथे प्रथमच भरलेले ई-थ्री हे प्रदर्शन. सेगाचे सॅटर्न आणि सोनीचे प्लेस्टेशन ही दोन्ही यंत्रे आदल्या वर्षाच्या अखेरीस जपानात विक्रीस आली होती, अनुक्रमे ४४,८०० आणि ३९,८०० येनांना, आणि अमेरिकेतील किमती जाहीर व्हावयाच्या होत्या. सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी व्यासपीठावरून घोषणा केली की, सॅटर्न ३९९ डॉलरला असून ते आधी ठरलेल्या सप्टेंबरची वाट न पाहता आजपासूनच निवडक दुकानांत मिळेल. त्याच दिवशी सोनीच्या वतीने स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, त्यांनी ‘दोनशे नव्याण्णव’ एवढेच उच्चारले आणि ते खाली उतरले. या प्रसंगाची गोष्ट आजवर असंख्य वेळा सांगितली गेली आहे, आणि बहुधा ती वक्तृत्वाचा विजय म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिचे रहस्य दोन यंत्रांच्या अंतरंगात दिसते. सॅटर्नमध्ये हिताचीचे दोन प्रोसेसर, प्रत्येकी २८.६ मेगाहर्ट्झचे, चित्रासाठी दोन निराळ्या चिप आणि इतरही अनेक घटक होते. त्या सर्वांच्या गतींची कोणी बेरीज केली असती तर सॅटर्न मागे पडले नसते. पण दोन प्रोसेसरांना एकमेकांच्या वाटेत न येता काम वाटून देणे हे प्रोग्रामरांना दुष्कर होते, आणि एवढ्या निरनिराळ्या चिपा काळानुसार एकीत एक मिसळून खर्च कमी करणेही कठीण होते. केन कुतारागी यांनी सोनीत घडविलेले प्लेस्टेशन याच्या उलट होते : ३३.८ मेगाहर्ट्झचा एकच प्रोसेसर, त्याच चकतीवर त्रिमितीय आकृतींचे गणित करणारा विभाग, आणि सीडीची यंत्रणा सोनीच्या घरची. ३९९ ही सेगाची लाचारी होती आणि २९९ ही सोनीची तयारी होती. सेगाने त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅटर्नही २९९ वर आणले, पुढील वर्षी दोन्ही यंत्रे १९९ वर आली, आणि प्रत्येक कपातीसरशी सेगाचे नुकसान वाढत गेले. प्लेस्टेशनचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले. सॅटर्नचे एक कोटीही नाहीत.

आपल्याकडे, महाराष्ट्राच्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावी, या काळात जो ‘टीव्ही गेम’ घराघरांत शिरला तो मात्र सॅटर्नही नव्हता आणि प्लेस्टेशनही नव्हता. तो फॅमिकॉमची पूर्व आशियात बनलेली नक्कल होता. त्याच्या कार्ट्रिजांना आपली मुले ‘कॅसेट’ म्हणत, त्यांवर शेकडो खेळांची संख्या छापलेली असे आणि आत तेच दहा-बारा खेळ फिरून फिरून येत. उएमुरा यांनी चकत्यांत जी काटकसर केली होती तिचे हे अनपेक्षित फळ होते : यंत्र मुळातच इतक्या थोड्या घटकांचे होते की कालांतराने ते जवळजवळ सगळे एकाच चिपवर उतरविता आले आणि वाटेल त्या लहान कारखान्याला बनविता आले. अधिकृत यंत्रे आपल्याकडे रीतसर आली तेव्हा जकात आणि करांच्या भारामुळे त्यांचे दर निराळेच झाले. जानेवारी २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ भारतात ३९,९९० रुपयांना आले. अमेरिकेतील ३९९ डॉलर तेव्हाच्या विनिमय दराने पंचवीस हजारांच्या आतबाहेर होत होते. ज्या दोन देशांतील दरांत एवढी तफावत आहे, तेथे एका देशाच्या कोष्टकावरून दुसऱ्या देशातील गिऱ्हाइकाने निर्णय करणे व्यर्थ आहे.

२००० नंतरची कथा थोडक्यात सांगता येते, कारण प्लेस्टेशन २ हे आपल्या पिढीत सामर्थ्याने निन्टेन्डोच्या गेमक्यूबपेक्षा आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सपेक्षा उणे असूनही सर्वांना मागे टाकून गेले. त्यात डीव्हीडी चालत असे आणि स्वतंत्र डीव्हीडी यंत्र तेव्हा महाग होते, हे त्याचे एक मोठे कारण. परंतु या यशाने सोनीला जो आत्मविश्वास दिला त्याची किंमत २००६ मध्ये मोजावी लागली. आयबीएम आणि तोशिबा यांच्या साहाय्याने घडविलेला सेल हा ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि त्या वेळी अत्यंत महाग असलेली ब्लू-रे यंत्रणा, या दोहोंमुळे प्लेस्टेशन ३ च्या दोन आवृत्त्या अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आल्या. आणि आयसप्लाय या विश्लेषक संस्थेने यंत्र उलगडून केलेल्या अंदाजाप्रमाणे त्यांचा उत्पादनखर्च अनुक्रमे सुमारे ८०५ आणि ८४० डॉलर होता. म्हणजे ग्राहकाला जे अतोनात महाग वाटत होते तेही विक्रेत्याला प्रत्येक नगामागे शेकडो डॉलरांचा तोटा देत होते. मार्च २००७ अखेरच्या हिशेबी वर्षात सोनीच्या खेळविभागाला सुमारे २३२ अब्ज येनांचा तोटा झाला. या यंत्राची शक्ती मात्र खोटी नव्हती. अमेरिकेच्या वायुदलाने न्यू यॉर्क राज्यातील रोम येथे सतराशेंहून अधिक प्लेस्टेशन ३ एकत्र जोडून २०१० मध्ये एक महासंगणक उभारला, कारण तेवढी गणनशक्ती इतक्या अल्प खर्चात इतरत्र मिळत नव्हती. सोनीच्या दृष्टीने हे गिऱ्हाईक मोठे विचित्र होते. ते यंत्रे घाऊक घेत होते आणि खेळ एकही घेत नव्हते, आणि ज्या वाटेने तोटा भरून यावयाचा ती वाटच त्याने वगळली होती.

२००६ च्याच नोव्हेंबरात, सातोरू इवाता यांच्या नेतृत्वाखाली निन्टेन्डोने वी हे यंत्र २४९ डॉलरला काढले. त्याचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा, म्हणजे गेमक्यूबपेक्षा थोडाच पुढे, आणि चित्र त्या काळच्या नव्या उच्च प्रतीच्या दूरचित्रवाणी संचांना शोभेल असे नव्हते; पण हातातील नियंत्रक हवेत हलवून खेळण्याची कल्पना आजीआजोबांनाही समजली आणि यंत्र पहिल्या दिवसापासून नफ्यात विकले गेले. योकोई यांचे १९९७ मध्ये निधन झाले होते, परंतु त्यांचे सूत्र निन्टेन्डो विसरली नव्हती.

पुढे बिट आणि मेगाहर्ट्झ मागे पडून टेराफ्लॉप हे, सेकंदाला होणाऱ्या गणितांचे, माप आले. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ चे १.८४ आणि एक्सबॉक्स वनचे १.३१ असे आकडे, आणि दर ३९९ विरुद्ध ४९९. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ चे १०.२८ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२.१५, दर दोहोंचा ४९९. आता दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर एकाच एएमडी कंपनीच्या आराखड्यावरून निघत असल्यामुळे आकड्यांची तुलना पूर्वीपेक्षा अधिक सार्थ झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या वर्षी ती सार्थ झाली त्याच सुमारास तिचे महत्त्वही ओसरले, कारण एवढ्या जवळच्या यंत्रांतील भेद सामान्य डोळ्याला दिसेनासा झाला.

माझ्या मते या पिढीतील खरी ऐतिहासिक घटना निराळीच आहे. पहिले प्लेस्टेशन २९९ वरून चार वर्षांत ९९ डॉलरवर आले होते. चिपा दर दोन-तीन वर्षांनी आकुंचित होत, स्वस्त होत, आणि थांबणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबण्याचा मोबदला मिळे. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत २०२२ मध्ये युरोप, जपान आणि भारतातही दर वाढले. भारतात ४९,९९० चे ५४,९९० झाले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ४९९ चे ५४९ झाले. चिपा लहान होतात, पण पूर्वीच्या प्रमाणात स्वस्त होत नाहीत, आणि चलनांचे चढउतार व आयातशुल्क हे वर. तेव्हा यंत्राची पहिल्या दिवसाची किंमत हीच त्याची सर्वांत कमी किंमत असण्याचा संभव पूर्वी कधी नव्हता तो आता आहे. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचे स्विच २ हे नवे यंत्र आले तेव्हा तिने जपानात त्याच्या दोन आवृत्त्या काढल्या : केवळ जपानी भाषेत चालणारी आणि जपानी खात्यापुरती मर्यादित अशी एक, ४९,९८० येनांना, आणि सर्व भाषांची दुसरी, ६९,९८० येनांना. चिप तीच, पडदा तोच, मेमरी तीच. येन घसरलेला असताना आपल्या देशातील कुटुंबांना यंत्र परवडावे आणि ते स्वस्तात घेऊन कोणी परदेशी विकू नये, म्हणून त्या दोहोंमध्ये वीस हजार येनांचे अंतर ठेवले गेले.